आजीची खिडक्यांची फेरी

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी एका क्लायंटसाठी लेख लिहीत होते, 'एसीशिवाय घर थंड ठेवण्याचे १० सोपे उपाय'. कंटेंट रायटरला असे लेख पाठ असतात. आधीचे पाच-सहा लेख वाचायचे आणि सातवा लिहायचा. माझा तिसरा उपाय होता, समोरासमोरच्या खिडक्या दिवसभर उघड्या ठेवा, म्हणजे हवा खेळती राहते. आजी शेजारच्या पलंगावर कंटाळून पडली होती, म्हणून मी तिला तो मोठ्याने वाचून दाखवला.

"दिवसभर? जेठाच्या उन्हात?" ती कोपरावर उठत म्हणाली. "अगं, लू घरात घेणार का तू? तुझं वाचून कोणी आजारी पडलं म्हणजे?"

मी 'दिवसभर' खोडून 'सकाळ-संध्याकाळ' केलं आणि लेख पाठवून दिला. पण आजीचं बोलणं डोक्यातून जाईना. कारण ज्या घरात बसून मी हे उपाय लिहीत होते, ते घर मी लहान असताना मे महिन्यातही थंड असायचं. आणि आता माजघरातला पंखा भट्टीसमोर बसल्यासारखी हवा फेकत होता.

आमचं घर काशीत दुर्गाघाटाच्या मागच्या गल्लीत आहे. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा हा सगळा भाग जुन्या मराठी घरांचा. १६७४ साली शिवरायांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट काशीचेच, आणि अहिल्याबाईंनी १७८०च्या सुमारास विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभारलं हे तर शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. आमचं घराणं एवढं मोठं नाही. पणजोबांच्या आधी कोणीतरी इकडे येऊन राहिलं, एवढंच आम्हाला माहीत. घरात मराठी बोलतात, दाराबाहेर भोजपुरी, आणि भांडताना जे पटकन तोंडात येईल ते.

घर तीन मजली. मधोमध चौक, वर आकाश. चौकाच्या तोंडाशी लोखंडी जाळी, कारण काशीत माकडं आहेत आणि त्यांना डाळीची वाळवण आवडते. भिंती लाखोरी विटांच्या, दोन-दोन फूट जाड, त्यावर चुन्याचा गिलावा. गल्ली इतकी अरुंद की समोरून गाय आली तर माणसाने कोणाच्या तरी पायरीवर चढून उभं राहायचं. लहानपणी मला या गल्लीची लाज वाटायची. पुण्याच्या मैत्रिणींना फोटो दाखवताना मी घाटाचे दाखवायचे, गल्लीचा कधी नाही. पण उंच घरांच्या मधल्या या चिंचोळ्या फटीत ऊन दिवसातून थोडाच वेळ तळाला पोचतं. समोरच्या घराची सावली आमच्या भिंतीवर, आमची त्यांच्यावर. खाली उतरलं की अंगाला गारवा लागतो तो त्यामुळे.

मागच्या श्रावणात पावसाने निसरड्या झालेल्या चौकात आजी पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, ती वॉकर धरून चालायला लागली, पण जिना संपला. तिची खाट खालच्या माजघरात आली. बाबांनी त्या दिवशी ठरवून टाकलं की चौकावर फायबरचा पत्रा घालायचा. पाऊस आत यायलाच नको. शेजारच्यांनी तीन वर्षांपूर्वी तसाच घातला होता, जाळीवर थेट टेकवून. शिवाय बाबांचं म्हणणं होतं की हे घर आता राहण्यासारखं उरलेलं नाही. गेल्या वर्षीपासून फारच तापतं. शिवपूरकडे एखादा फ्लॅट बघावा.

घर गेल्या वर्षीपासूनच का तापायला लागलं, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मीही नाही. तो मला आजीच्या त्या 'दिवसभर?'नंतर पडला.

मी तिला विचारलं, तू आधी काय करायचीस? तिला प्रश्नच कळला नाही. "काय करायची म्हणजे? उघडायची, लावायची." मग तुकड्या-तुकड्यांनी तिच्याकडून सगळं काढून घेतलं.

पहाटे साडेचारला ती उठायची तेव्हा सगळं घर उघडंच असायचं. साडेसात-आठच्या आत पूर्वेच्या खिडक्या बंद. काशीत गंगा उत्तरेकडे वळून वाहते, गाव तिच्या पश्चिम काठावर आहे, आणि पलीकडच्या काठावर नुसती रेती. त्यामुळे सकाळचं ऊन अडवायला समोर काही नाही, ते थेट वरच्या खोल्यांत घुसतं. पर्यटक त्याचे फोटो काढतात, आजी त्याच्या तोंडावर खिडकी लावते. नऊपर्यंत बाकीच्या खिडक्या. दहाच्या सुमारास चौकावर चांदवा ओढायचा. चांदवा म्हणजे जुन्या सुती चादरी जोडून केलेला पडदा, कड्यांतून दोरी घातलेला. तो दुसऱ्या मजल्यावरून ओढावा लागे. दुपारी सगळे खालच्या माजघरात. चार वाजता पश्चिमेच्या खिडकीवर ओलं तरट. पूर्वी वाळ्याचा पडदा असायचा, इकडे त्याला खसची टट्टी म्हणतात. आपल्या विदर्भातही ती पद्धत होती आणि कूलरमधला वाळा हा तिचाच वंशज. सूर्य बुडाला की गच्चीवर पाणी मारायचं. आणि रात्री नऊनंतर सगळं उघडायचं, आधी गच्चीचं दार, मग खालच्या खिडक्या.

"आधी वरचं का?"

"गरम हवेला आधी जाऊ दे ना. ती गेल्याशिवाय थंड कुठून येईल?"

बी.ए.ला इंग्रजी घेतलेल्या मुलीला हे समजायला थोडं वाचावं लागलं. जाड भिंत उष्णता थांबवत नाही, उशिरा पोचवते. साध्या नऊ इंची विटेच्या भिंतीतून दुपारची उष्णता आत यायला साधारण सहा-सात तास लागतात, म्हणजे नेमकी झोपायच्या वेळी ती खोलीत हजर. दोन फुटांच्या भिंतीत ती कुठेतरी मध्येच रेंगाळते आणि पुष्कळशी विरून जाते. पण एक अट आहे. भिंतीने दिवसभर जे साठवलं ते रात्री कोणीतरी बाहेर काढून द्यायला हवं, नाहीतर दुसऱ्या दिवशी ती आधीच भरलेली असते. रात्री गच्चीवरची गार, जड हवा चौकातून विहिरीत पाणी भरावं तशी खाली उतरते, आणि घरातली गरम हवा जिन्याच्या धुराड्यातून वर जाते. सकाळी खिडक्या लावल्या, चांदवा ओढला, की ती गार हवा तळाशी बसून राहते. जूनमध्ये चांदवा नसेल तर काय होईल हे साध्या भूगोलात सांगता येतं. काशी सुमारे २५.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे २१ जूनला दुपारी सूर्य क्षितिजापासून ८८ अंशांवर असतो, जवळजवळ डोक्यावर. ऊन सरळ चौकाच्या फरशीवर. डिसेंबरात तोच सूर्य दुपारीही फक्त ४१ अंशांवर, तेव्हा चौकाच्या तळाला ऊन लागतच नाही आणि आम्ही सगळे पाटाचटयांसकट गच्चीवर असतो.

गच्चीवरच्या पाण्याचा हिशेबही मी केला, कारण बाबा त्याला पाण्याची नासाडी म्हणायचे. एक बादली, म्हणजे १५ लिटर पाणी पूर्ण वाफ होऊन जाताना सुमारे १० युनिट उष्णता घेऊन जातं. दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीने जवळजवळ दोन तास चालला तर तेवढी बाहेर टाकेल. अर्थात ती सगळी काही आपल्या छपरातूनच जात नाही, थोडी वाऱ्यातूनही जाते. तरी एका बादलीला हा भाव वाईट नाही.

तर घर गेल्या वर्षी बिघडलं नव्हतं. आजी पडली होती.

मी दोन साधे थर्मामीटर आणले. एक गच्चीच्या जिन्यापाशी सावलीत टांगला, एक माजघरात. पहिल्या दिवशी, कोणीच काही करत नसताना, दुपारी तीनला बाहेर ४३ आणि माजघरात ३७. मग मी फोनवर पाच अलार्म लावले आणि आजीची फेरी सुरू केली.

आता कबूल करते, हे फार कंटाळवाणं काम आहे. घरात चौदा खिडक्या आणि सहा झरोके आहेत. लाकडी दारं फुगलेली, कड्या गंजलेल्या. झरोक्यांत कबुतरांनी घरं केली होती, काही वर्तमानपत्राने बुजवले होते, एकातून टीव्हीची केबल आली होती. दहाला माझी टीमची मीटिंग असते. पहिल्या दिवशी मी चांदवा ओढायला विसरले. दुसऱ्या दिवशी ओढला तर दोरी तुटली. तिसऱ्या रात्री गच्चीचं दार उघडं ठेवताना जाळीचं दार लावायचं राहिलं आणि पहाटे एक माकड जिन्यात बसून माझी चप्पल चावत होतं. आजीने हे सगळं पन्नास वर्षं केलं, स्वयंपाक, सोवळं आणि चार मुलं सांभाळून, आणि आमच्यापैकी कोणालाही ते काम आहे असं वाटलं नाही. मला वाटायचं आजीला सारखं जिन्यावरून खाली-वर करायची सवय आहे.

भिंतींनी लगेच दाद दिली नाही. चार-पाच दिवस आकडा हलेना, बाबा रोज थर्मामीटरकडे बघून काही न बोलता जायचे. आठव्या दिवशी बाहेर ४४ आणि माजघरात ३४. चौतीस म्हणजे थंड नव्हे. पण पंख्याखाली आजीला दुपारी झोप लागली.

हे वाचताना मला 'पॅसिव्ह हाउस' हा शब्द पुन्हा पुन्हा भेटत होता. त्या नावाचं पहिलं घर १९९१ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाट शहरात झालं, वोल्फगांग फाइस्ट या शास्त्रज्ञाच्या कल्पनेतून. चार घरांची एक रांग, भिंतींना जाड उष्णतारोधक थर, काचा तिपदरी, फटी जवळजवळ शून्य, आणि बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब आत येणाऱ्या हवेला देणारं यंत्र. थंडीच्या देशातलं ते उत्तर आहे. आपल्याकडचे आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी १९६०च्या दशकात अहमदाबादेत पारेख कुटुंबासाठी घर बांधलं, त्यात उन्हाळ्यातल्या दुपारी राहायचा भाग वेगळा आणि थंडीत, उन्हाळ्याच्या संध्याकाळी राहायचा भाग वेगळा. घर एका जागी, माणसं ऋतूप्रमाणे सरकणारी. आमच्या घरात हेच चाललं होतं, फक्त त्याला कोणी नकाशा काढला नव्हता.

मी आजीला सांगितलं की अशा घराला पॅसिव्ह म्हणतात, म्हणजे निष्क्रिय, जे स्वतः काही वीज वगैरे न खाता थंड राहतं.

"निष्क्रिय!" आजी म्हणाली. "मग माझे गुडघे कशाने गेले?"

जुन्या घराचं कौतुक करताना माणसं वाहवत जातात, म्हणून हेही सांगायला हवं. जुलै-ऑगस्टमध्ये हे सगळं गणित कोसळतं. हवेत दमट ओल, ओलं तरट निरुपयोगी, खिडक्या बंद ठेवल्या तर बुरशी. तेव्हा उलट सगळं उघडं ठेवून पुरवाई, म्हणजे पूर्वेचा वारा, घरातून जाऊ द्यायचा आणि पंख्याखाली बसायचं. माझा तो तिसरा उपाय तेव्हा बरोबर ठरतो, आणि कोकणात किंवा मुंबईत तर जवळजवळ बाराही महिने. चूक उपायात नव्हती, तो सगळ्या गावांना एकाच तारखेला सांगण्यात होती. नागपूर, जळगाव, अकोल्याच्या वाचकांनी मेमध्ये आजीचं ऐकावं, रत्नागिरीच्या वाचकांनी ऐकू नये.

आणि काशीतही जूनमध्ये अशा काही रात्री येतात की पारा तिशीच्या खाली उतरतच नाही. मग खिडक्या उघडून भिंती निवणार कशा? अशा रात्रींसाठी आजीच्या खोलीत एसी आहे आणि तो असायलाच हवा. ऐंशी वर्षांच्या माणसाला तत्त्वाखातर उकडत ठेवण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. पण फेरी सुरू झाल्यापासून तो रात्री एक-दोन तासच लावावा लागतो.

उजेडाची गोष्ट मात्र आम्ही स्वतः बिघडवली होती. चौकाच्या भिंती दर दिवाळीला चुन्याने पांढऱ्या व्हायच्या. पाच वर्षांपूर्वी डाग दिसू नयेत म्हणून खालच्या दोन मजल्यांना महरून ऑइल पेंट दिला. पांढरा चुना अंगावर पडलेल्या उजेडातला तीन चतुर्थांशाहून जास्त परत फेकतो, तेव्हा कुठे तो एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर उड्या मारत तीन मजले खाली पोचतो. महरून रंग तो पिऊन टाकतो. तेव्हापासून माजघरात दिवसाढवळ्या ट्यूब लागते. आम्ही त्याचा दोष जुन्या घराच्या अंधाराला दिला. वर ऑइल पेंटने भिंतीतली ओल कोंडली आणि पोपडे आले ते वेगळंच.

पत्र्याचा प्रश्न उरला होता. शेजारी जाऊन मी थर्मामीटर लावायची परवानगी मागितली. काकू हसल्या, पण म्हणाल्या लाव. पत्र्याखाली, त्यांच्या दुसऱ्या मजल्यावर, दुपारी ४५. बाहेर सावलीत त्याच वेळी ४३. ऊन पत्र्यातून आत येतं आणि गरम हवेला वरून बाहेर पडायला वाट नाही. रात्री गार हवा उतरायलाही वाट नाही. काकू म्हणाल्या, पाऊस मात्र अजिबात येत नाही हं.

मी बाबांना आकडे दाखवले. ते बराच वेळ कागद बघत राहिले आणि म्हणाले, "तू पुण्याला जाशील. मी कामावर असतो. पुन्हा पाऊस येईल, ती पुन्हा बाथरूमला उठेल." यावर माझ्याकडे आकडा नव्हता. खरं तर त्यांना पत्र्यात रस नव्हताच. श्रावणातल्या त्या सकाळी आईला फरशीवरून त्यांनीच उचललं होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वेल्डर माप घ्यायला आला. तो आणि बाबा चौकात उभे राहून वर बघत होते. लांबी, रुंदी, पाईप किती, पत्रे किती. आजी माजघराच्या दारात वॉकर धरून उभी होती. तिने विचारलं, "हे सगळं माझ्यासाठी करतोयस ना?"

"मग काय आई!"

"मग मला विचार तरी. मी काय सगळ्या चौकात नाचते का? खोलीपासून मोरीपर्यंत माझी वाट. चार-पाच पावलं. तेवढ्यावर छप्पर घाल. धरायला एक दांडा लाव. आणि ती फरशी घासून घासून आरशासारखी झालीय, तिला टाकी मारून घे. मी पावसाने नाही पडले, फरशीने पडले."

बाबांनी वेल्डरकडे बघितलं. वेल्डर म्हणाला, "माताजी ठीक कहत हईं," आणि टेप गुंडाळून खालच्या भिंतीपाशी बसला.

तर आता चौकाच्या एका कडेला साडेतीन फुटांची पडवी आहे. वरून पांढरा रंगवलेला पत्रा, भिंतीला स्टीलचा दांडा, खाली चुनारच्या दगडाची फरशी, तिला टाकी मारून खरखरीत केलेली. सगळा खर्च पूर्ण पत्र्याच्या निम्म्याहून कमी आला. महरून रंग खरवडून काढायचं काम दिवाळीपर्यंत लांबलं आहे. शिवपूरच्या फ्लॅटबद्दल बाबा पुन्हा बोलले नाहीत, पण नको असंही म्हणालेले नाहीत. तो चौथ्या मजल्यावर आहे आणि हॉलची मोठी काच पश्चिमेला. मी त्यांना म्हटलं आहे, घेतलाच तर काचेच्या आत पडदा लावून भागणार नाही, ऊन बाहेरच अडवा, बांबूची चटई टांगा. एकदा काचेतून आत आलेली उष्णता पडदा बाहेर काढत नाही.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी मी माझे पाचही अलार्म बाबांच्या फोनमध्ये लावून दिले. त्यांनी फोन खिशात ठेवला, हो-नाही काही म्हणाले नाहीत. मी पोचले त्या रात्री सव्वानऊला आजीला व्हिडिओ कॉल केला. तो बाबांनी उचलला. फोन हलत होता, जिन्याची भिंत दिसत होती, त्यांना धाप लागली होती.

"नंतर कर," ते म्हणाले, "मी वर चाललोय."

मागून, खालून, आजीचा आवाज आला, "जाळीचं दार लाव रे. माकडं येतील."